मुद्रणाचा हक्क : दूरचित्रवाणी रेकॉर्ड करून पाहणाऱ्यांच्या बाजूने

मराठीच्या अध्यापकवर्गात दूरचित्रवाणीविषयी बोलण्याची एक ठरावीक रीत आहे. प्रथम नाक मुरडायचे, मग मालिकांतल्या सासवासुनांचा उद्धार करायचा आणि शेवटी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाचे खापर त्या पडद्यावर फोडून मोकळे व्हायचे. कोणी एखादी मालिका किंवा मुलाखत रेकॉर्ड करून पाहतो असे कळले, तर त्याची अधिकच कीव केली जाते. एकदा पाहणे हाच वेळेचा अपव्यय. हा गृहस्थ तर साठवून, थांबवून, मागेपुढे करून पाहतो! प्रस्तुत लेख या कीव करणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, ज्याला आपण सोयीसाठी डीव्हीआर म्हणतो, त्याची भलामण करताना विक्रेते सोयीचे गुणगान गातात आणि टीकाकार त्या सोयीलाच आळस म्हणतात. दोघांच्याही नजरेतून मुद्दा निसटतो. प्रक्षेपणाच्या वेळी समोर बसून पाहणारा माणूस श्रोत्याच्या जातीचा असतो. साठवून पाहणाऱ्याला वाचक होता येते. ही शक्यता ज्यांनी सर्वांत आधी ओळखायला हवी होती, ते साहित्याचे अध्यापकच तिच्याकडे तुच्छतेने पाहतात, हे आमच्या तक्रारीचे मूळ आहे.

आपल्या भाषेने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. पुस्तक छापणे म्हणजे मुद्रण, गाणे टिपून ठेवणे म्हणजे ध्वनिमुद्रण, आणि चित्रासह टिपणे म्हणजे ध्वनिचित्रमुद्रण. छापणे आणि टिपणे या दोन क्रियांना मराठीने एकच शब्द वापरला. मुद्रा उमटते आणि उमटलेली राहते, हा त्यातला समान अर्थ. ग्रंथमुद्रणाने वाचकाला काय दिले, हे आपण पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. वाक्यापाशी थांबण्याची मुभा दिली. मागचे पान उलटून पाहण्याची मुभा दिली. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाठभेद शोधता येऊ लागले, समासात टिपण करता येऊ लागले, पुस्तक दुसऱ्याला देता येऊ लागले. आता अशी कल्पना करा, की एखादी कादंबरी रोज रात्री आठ वाजता अर्धा तास मोठ्याने वाचली जाते, वाचून झालेली पाने तिथल्या तिथे जाळली जातात, आणि वर्षभराने त्या कादंबरीवर शोधनिबंध मागवले जातात. हा प्रकार कोणताही विद्यापीठीय विभाग मान्य करणार नाही. पण दूरचित्रवाणीच्या बाबतीत आपण गेली कित्येक दशके नेमके हेच करत आलो आहोत.

‘मालिकांतील स्त्रीप्रतिमा’ या किंवा अशा विषयांवर आमच्या वाचनात जे निबंध आले, त्यांतील बहुतेकांत भागाचा क्रमांक नसतो, प्रक्षेपणाची तारीख नसते, संवाद आठवणीवरून लिहिलेले असतात. ‘एका भागात नायिका असे म्हणते की’ हे वाक्य साहित्यसमीक्षेत चालले नसते. तिथे आपण पृष्ठक्रमांक मागतो, आवृत्ती विचारतो. दृश्यमाध्यमाच्या वाट्याला मात्र ऐकीव समीक्षा आली, आणि ऐकीव समीक्षेचा स्वभाव असा, की ती समीक्षकाचे पूर्वग्रह जसेच्या तसे परत करते. मालिका तुच्छ आहेत असे मानून बसलेल्याला आठवणीत तुच्छच प्रसंग राहतात. पडद्यावरचे वाक्य थांबवून, पुन्हा ऐकून, शब्दशः उतरवून घ्यावे लागले, की कधी मालिका होती त्याहून वाईट निघते, कधी बरी. पण निदान ती असते तशी समोर येते. डीव्हीआरचा हा पहिला लाभ आहे आणि आमच्या व्यवसायापुरता तोच सर्वांत मोठा आहे.

हे यंत्र काय करते, ते थोडक्यात सांगायला हवे. कारण त्याविषयीचे अज्ञानही या तुच्छतेला खतपाणी घालते. उपग्रहाकडून किंवा केबलमधून येणारे डिजिटल प्रक्षेपण मुळातच आकड्यांच्या रूपात असते. डीव्हीआर ते आकडे हार्ड डिस्कवर उतरवून घेतो. जुन्या व्हीसीआरमध्ये चुंबकीय फितीवर नक्कल होई आणि नकलेची नक्कल करताना चित्र फिके पडे. इथे उतरलेले चित्र आलेल्या चित्राइतकेच स्वच्छ राहते. शिवाय डिस्कवर एका जागी लिहिणे चालू असताना दुसऱ्या जागेवरून वाचता येते. म्हणून चालू कार्यक्रम थांबवून दहा मिनिटांनी तिथूनच पुढे पाहता येतो. जागेचा हिशेबही अवघड नाही. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने आलेले एक तासाचे प्रक्षेपण सुमारे १.८ गिगाबाइट जागा घेते. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर असे अडीचशेहून अधिक तास मावतात. जाहिराती वगळून बावीस मिनिटांचा भाग धरला, तर पाचशे भागांची मालिका सुमारे १८५ तासांची होते. म्हणजे एक अख्खी दैनंदिन मालिका, पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत, वहीएवढ्या पेटीत राहू शकते. अमेरिकेत टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही यंत्रे १९९९ मध्ये बाजारात आली. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्कायने रेकॉर्डिंगची सोय असलेली पेटी आणली. एवढ्या वर्षांत मराठीच्या किती विभागांनी अशी एक डिस्क भरून ठेवली, हा प्रश्न आम्ही आमच्यासह सर्वांना विचारतो.

आता दुसऱ्या लाभाकडे येऊ. तो विद्यापीठांच्या बाहेरचा आहे, आणि तो समजण्यासाठी मुंबई-पुणे सोडून महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला यावे लागेल. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलालगत, बोदलकसा नावाचे गाव आहे. पर्यटकांना ते तिथल्या जलाशयामुळे आणि हिवाळी पक्ष्यांमुळे ठाऊक असते. जलाशयाचे धरण इंग्रजी अमदानीतले, १९१७ चे. पण पाणी अडवण्याची विद्या या मुलखात इंग्रजांनी आणली नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भंडारा-गोंदियाच्या भागात तलाव बांधले. पुढे त्यांनाच मालगुजारी तलाव म्हणू लागले. शेतकऱ्याच्या बांधात छोटी बोडी असते ती वेगळीच. या सर्व खटाटोपामागचा विचार साधा आहे. पाऊस त्याच्या मर्जीने येतो, धानाला पाणी मात्र धानाच्या गरजेने लागते. या दोन वेळा जुळत नाहीत, म्हणून मध्ये साठवण लागते. साठवणीला येथील कोणी आळस म्हटल्याचे ऐकिवात नाही.

प्रक्षेपणाचा प्रश्नही वेळांचाच आहे. मराठी वाहिन्यांचे संध्याकाळी सात ते दहाचे वेळापत्रक कोणाच्या दिवसाकडे पाहून आखलेले आहे? कार्यालयातून परतलेल्या, हातपाय धुऊन जेवणाच्या ताटाशी बसलेल्या शहरी कुटुंबाकडे पाहून. झाडीपट्टीतला दिवस असा नसतो. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळी चिखलात उतरते ती दिवेलागणीच्या सुमारास बाहेर येते. त्यानंतर चूल, पाणी, मुले. आठची मालिका तिच्यासाठी स्वयंपाकघरातून ऐकू येणारा आवाज असतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला, की पहाट फुटण्याआधी जंगलात जायचे, परतून पुडे बांधायचे, आणि रात्री लवकर अंग टाकायचे. दुपारी पुनःप्रक्षेपण असते असे कोणी सांगेल. त्या वेळी ती शेतावर असते. वाहिनीच्या लेखी ही बाई प्रेक्षक आहे, पण तिच्या वेळेचा विचार वेळापत्रकात कुठेही नाही. रेकॉर्डर तिच्या घरात असला, तर रोवणी उरकल्यावर एखाद्या पावसाळी दुपारी ती सलग चार भाग पाहू शकते, थांबवून भाजी निवडू शकते, न समजलेला संवाद पुन्हा ऐकू शकते. ज्याच्या हाती वेळ त्याच्या हाती सत्ता, हे आपण सामाजिक समीक्षेच्या वर्गात मोठ्या आवाजात शिकवतो. हा वेळ तिच्या हाती देणारे यंत्र दिसल्यावर मात्र आपल्याला वाचनसंस्कृती आठवते.

विजेचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रक्षेपणाच्या क्षणी वीज नसेल तर रेकॉर्डरही आंधळाच. २००० नंतरच्या दशकात विदर्भाच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचे जे तास भोगले, ते ज्यांनी सोसले त्यांना सांगायला नको. याच तिरोड्यात पुढे ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला, तरी तारांवरून वीज जाते कोणाकडे आणि खंडित होते कोणाची, हा प्रश्न जुनाच राहिला. परंतु या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो अखंड विजेच्या मागणीचा. रेकॉर्डर निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कोरडा पावसाळा गेला म्हणून कोणी बोडी बुजवत नाही.

याहून गंभीर आक्षेप लोककलेच्या कैवाऱ्यांकडून येतो. दूरचित्रवाणीने गावाचा फड मोडला, आता रेकॉर्डिंगमुळे माणूस उरलासुरला वेळही पडद्यापुढे घालवील, असे ते म्हणतात. झाडीपट्टीपुरते तरी वास्तव याच्या उलट जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडया भरू लागतात आणि तिथून होळीपर्यंत रात्ररात्र नाटके चालतात. वडसा अर्थात देसाईगंज येथे नाट्यमंडळांचा मोठा राबता आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीची दखल घेतली; गावांना ती आधीपासून ठाऊक होती. दंडार आणि खडीगंमत हे तिचे जुने सोयरे. या नाटकांचे वैशिष्ट्य हे, की प्रयोग गावात येतो तो एका रात्रीपुरता. ती रात्र चुकली की चुकली. आता एकीकडे गावातला एक रात्रीचा प्रयोग आणि दुसरीकडे मालिकेचा उत्कंठावर्धक भाग, असा पेच पडला, तर रेकॉर्डर कोणाच्या बाजूने उभा राहतो? तो मालिकेला थांबवून ठेवतो आणि माणसाला मंडपात जाऊ देतो. प्रेक्षकाला घरात खिळवून ठेवण्याची मालिकेची ताकद ‘आत्ता नाही पाहिले तर गेले’ या धमकीत आहे. रेकॉर्डर ती धमकी बोथट करतो. जिवंत रंगभूमीच्या हितचिंतकांनी त्याचे स्वागत करायला हवे होते.

सामुदायिक पाहण्याचाही मुद्दा काढला जातो. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी एका घरात अख्खी आळी बसे. ते एकत्र पाहणे रेकॉर्डिंगने संपवले, अशी हळहळ ऐकू येते. त्या एकत्र बसण्यात गोडवा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यामागे गावात एकच संच असणे, एकच वाहिनी असणे आणि दुसरी वेळ नसणे या तीन गोष्टी होत्या. अभावातून जमलेल्या मेळ्याला संस्कृतीचे नाव देऊन तो अभाव टिकवून धरावा, असे म्हणणाऱ्यांनी मग पुस्तकेही एकच प्रत काढून चावडीवर वाचावीत. एकत्र पाहण्याची हौस ज्यांना आहे, त्यांना रेकॉर्ड केलेला कार्यक्रमही एकत्र पाहता येतो, आणि वेळ त्यांनी ठरवलेली असते. वर्गात तर दुसरा मार्गच नाही. सकाळी साडेदहाच्या तासाला रात्रीची मुलाखत दाखवायची, तर ती आधी टिपलेली हवी.

जाहिरातींचा मुद्दा लोकप्रिय आहे, म्हणून त्याची वाट लावून पुढे जाऊ. डीव्हीआरने जाहिराती ओलांडता येतात, हा लाभ खराच. आपल्याकडे ट्रायने २०१३ मध्ये तासाला १२ मिनिटांची जाहिरातमर्यादा काटेकोर पाळण्याचा आग्रह धरला, तेव्हा वाहिन्यांनी न्यायाधिकरणाची आणि न्यायालयाची पायरी चढली. यावरून त्या मिनिटांचे मोल त्यांना किती वाटते ते कळते. अमेरिकेत रिप्ले टीव्हीने जाहिराती आपोआप गाळण्याची सोय दिली, तर २००१ मध्ये मोठ्या वाहिन्यांनी तिच्या निर्मात्यांवर खटला भरला आणि २००३ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे वाजले. आमची भूमिका अशी, की जाहिरात ओलांडणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे, तसाच ती थांबवून पाहणे हाही. साबणाच्या जाहिरातीतली मराठी, तिचे हिंदीवरून केलेले ओबडधोबड भाषांतर, तिच्यातल्या घराची रचना हा भाषाभ्यासाचा अस्सल ऐवज आहे. ज्याला तो अभ्यासायचा आहे त्यालाही रेकॉर्डरच लागतो. उडवणे आणि निरखणे या दोन्ही वाचकाच्याच कृती आहेत.

इथे कोणी कायद्याचा बागुलबुवा उभा करील. रेकॉर्ड करणे म्हणजे चोरी, असा एक अस्पष्ट भयगंड शिक्षकांत असतो. तो दूर व्हावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बेटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की घरी बसून कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी टिपून ठेवणे हा न्याय्य वापर आहे. त्या खटल्यात मुलांच्या कार्यक्रमाचे निर्माते फ्रेड रॉजर्स यांनी प्रेक्षकांच्या बाजूने साक्ष दिली होती आणि न्यायालयाने तिचा आधार घेतला. हा परक्या देशाचा दाखला झाला. आपला स्वतःचा कायदा याहून स्पष्ट आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमाच्या ३९ व्या कलमात प्रक्षेपणाच्या हक्काला अपवाद सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिलाच अपवाद खासगी उपयोगासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाचा आहे. ५२ व्या कलमात खासगी उपयोग, संशोधन आणि अध्यापनाच्या ओघात केलेला वापर यांसाठी आणखी सवलती आहेत. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात अध्यापनाच्या सवलतीचा उदार अर्थ लावला, हे अनेकांना आठवत असेल. टिपून ठेवलेला भाग विकणे किंवा सार्वजनिकरीत्या वाटणे ही निराळी गोष्ट, आणि तिचे समर्थन आम्ही करत नाही. पण अध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले असताना आपण उंबऱ्यावर थबकून उभे आहोत.

हे थबकणे महागात पडते, कारण तिसरा लाभ जतनाचा आहे आणि त्याची मुदत टळली की तो कायमचा गेला. एके काळी चित्रफिती महाग होत्या. एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम चित्रित करून फीत पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या केंद्रांत होती आणि दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग असेच पुसले गेले. मात्र घरी बसून मालिका ऐकणाऱ्या चाहत्यांनी ध्वनिमुद्रण करून ठेवल्यामुळे त्या हरवलेल्या भागांचा आवाज तरी आज उपलब्ध आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून रात्रीच्या बातम्या टिपायला सुरुवात केली. वाहिन्यांनी स्वतः जे नीट जपले नव्हते, ते एका विद्यापीठाने जपले. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरातल्या अनेक यंत्रांवर अहोरात्र बातम्या टिपल्या. सुमारे सत्तर हजार फितींचा तो संग्रह नंतर इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. हयातीत त्यांना विक्षिप्त ठरवणारे लोक असतीलच. आज तो संग्रह इतिहासाचे साधन आहे.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘चिमणराव’ ही केवळ करमणुकीची नावे नाहीत. चिं. वि. जोशी यांच्या विनोदाचे दृश्यरूप कसे झाले, साहित्यिक पडद्यावर कसे बोलत, त्या वेळची प्रमाणभाषा कानाला कशी लागे, याचे पुरावे त्या कार्यक्रमांत होते. चिमणराव आम्ही पुस्तकातून शिकवतो. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत वर्गात लावून तुलना करायची म्हटले, तर हात रिकामे राहतात. याउलट २८ मार्च २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात ‘रामायण’ पुन्हा दाखवता आले, कारण ते जपलेले होते. काय जपायचे आणि काय पुसायचे हा निर्णय केंद्राच्या हाती राहिला, की मोठे आणि मध्यवर्ती तेवढे जपले जाते. झाडीबोलीत बोलणारा एखादा कलावंत पंधरा मिनिटांसाठी पडद्यावर आला, तर ती पंधरा मिनिटे मुंबईतल्या अभिलेखागाराच्या यादीत पहिली येणार नाहीत. ती टिपण्याची आस्था ज्याच्या घराच्या अंगणात ती बोली बोलली जाते त्यालाच असणार, आणि साधनही त्याच्याच हाती हवे.

‘आता सगळेच इंटरनेटवर मिळते, डीव्हीआर कशाला?’ हा शेवटचा आणि सर्वांत आत्मविश्वासाने केला जाणारा प्रश्न. मिळते ते कंपनीच्या मर्जीने मिळते. करार संपला की मालिका यादीतून नाहीशी होते, दृश्य कापले जाते, संगीत बदलले जाते, आणि आधीचे काय होते हे दाखवायला कोणाकडे प्रत नसते. ग्रंथालयातले पुस्तक प्रकाशक रात्रीत येऊन घेऊन जात नाही. भाड्याच्या पडद्यावर तसे घडते. तेव्हा डीव्हीआर कालबाह्य झाला म्हणणे म्हणजे कुलूपबंद वाचनालय मिळाले म्हणून स्वतःची पुस्तके रद्दीत घालणे. मात्र रेकॉर्डरच्या बाजूने बोलताना त्याचा दोषही सांगायला हवा. सशुल्क डीटीएचच्या पुष्कळ पेट्या मुद्रण कूटबद्ध करून ठेवतात. ते त्याच पेटीवर दिसते, पेटी बिघडली किंवा परत गेली की टिपलेले सर्व तिच्याबरोबर जाते. ही प्रेक्षकाला दिलेली अर्धी मुभा आहे. व्हीसीआरची फीत शेजाऱ्याला देता येई. या मुद्रणाला उंबरा ओलांडता येत नाही. गंमत अशी, की या बाबतीत गरिबाची पेटी श्रीमंताच्या पेटीपेक्षा मोकळी निघते. दूरदर्शनच्या फ्री डिशवरील साधे प्रक्षेपण कूटबद्ध नसते, आणि ते पकडणाऱ्या अनेक स्वस्त पेट्यांना यूएसबीची खाच असते. तिच्यात पेन ड्राइव्ह लावून सह्याद्रीवरचा कार्यक्रम टिपला, तर ती फाइल संगणकावर उघडते आणि जपून ठेवता येते. तेव्हा ‘एवढा खर्च कोण करणार’ ही सबबही टिकत नाही. महागाच्या पेटीवरची कुलपे काढा ही मागणी आपण लावून धरावीच, पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही.

या विवेचनातून काही कामे निघतात, आणि ती लहान आहेत. प्रत्येक मराठी विभागाने एक रेकॉर्डर, एक डिस्क आणि एक नोंदवही ठेवावी. नोंदवहीत वाहिनी, तारीख, वेळ, भागाचा क्रमांक आणि विषय एवढे लिहावे. दृश्यमाध्यमावरील निबंधात भागाची तारीख आणि मिनिट दिल्याशिवाय संवाद उद्धृत करू देऊ नये. मार्गदर्शकांनी ही शिस्त पृष्ठक्रमांकाइतकीच सक्तीची करावी. झाडीपट्टीतल्या महाविद्यालयांनी झाडीबोली, दंडार, खडीगंमत, गोंडी आणि पोवारी यांच्याशी संबंधित जे काही पडद्यावर येईल ते प्राधान्याने टिपावे. शासनाकडे मागायचे ते एवढेच, की १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा होतात, तशी व्यवस्था प्रक्षेपणासाठीही व्हावी. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून अभिलेखागार आहे. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम राष्ट्रीय संस्थेत जमा करणे बंधनकारक केले. आपण मात्र ज्या पडद्यावर सर्वाधिक मराठी बोलली जाते आणि ऐकली जाते, त्याची एकही प्रत जमा करण्याचे बंधन कोणावर ठेवलेले नाही.

मालिका वाईट असतात, बातम्या उथळ असतात, मुलाखती गुळमुळीत असतात, हे सर्व मान्य. वाईट कादंबऱ्याही आपण ग्रंथालयात ठेवतोच. त्या वाईट आहेत हे सिद्ध करायला त्या लागतात. ज्या समाजाने आपल्या काळाचे बोलणे टिपून ठेवले नाही, त्याला पुढे त्या बोलण्यावर टीका करण्याचाही अधिकार राहत नाही. आज रात्रीचे प्रक्षेपण ठरल्या वेळी येईल आणि जाईल. ते कोणाच्या तरी डिस्कवर उतरावे, तारखेसह उतरावे, आणि उद्या वर्गात कोणीतरी म्हणावे, ‘थांबा, ते वाक्य पुन्हा ऐकू या.’ साहित्याच्या अभ्यासाला याहून वेगळी सुरुवात आम्हाला तरी ठाऊक नाही.